संमेलनाची फी किती ठेवायची?

क्लब कुठलाही असो, आकाशदर्शनाचा, क्विझचा किंवा हॅम रेडिओचा, संमेलनाच्या मीटिंगमध्ये वक्ते, बॅनर, टी-शर्ट यांवर दोन तास चर्चा होते आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारतं, “अरे, फी किती ठेवायची?” मग “पाचशे ठीक आहे ना?” “जास्त होतात रे, चारशे ठेव,” असा लिलाव होऊन आकडा ठरतो. पण संमेलनाला कोण येऊ शकणार आणि कोणाला रूमवरच बसावं लागणार, हे याच आकड्यावर ठरतं. म्हणून त्याचं गणित नीट मांडून बघू या.

समजा, आपल्या आकाशदर्शन क्लबने दोन दिवसांचं आंतरमहाविद्यालयीन संमेलन ठरवलं आहे. पहिली पायरी म्हणजे खर्चाचे दोन भाग करायचे.

१) ठरलेला खर्च : माणसं ५० येवोत की १५०, हा तेवढाच राहतो. हॉल आणि साउंड १०,०००, वक्त्यांचा प्रवास ९,०००, दुर्बिणी आणायला टेम्पो ४,०००, छपाई ४,००० आणि ऐनवेळच्या खर्चासाठी ३,०००. एकूण ३०,००० रुपये.

२) माणशी खर्च : दोन नाश्ते ८०, तीन जेवणं २७०, तीन चहा ३०, गादी-चादरीचं भाडं ५०, बिल्ला आणि ताऱ्यांचा नकाशा २०. एकूण ४५० रुपये.

(आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे दर विचारा आणि प्रत्येक कोटेशन घेताना “जीएसटी धरून की सोडून?” हे आधी विचारा. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के लागला तर सगळं बजेट हलतं.)

आता ठरलेला खर्च डोक्यांवर वाटायचा. १५० जण धरले तर प्रत्येकी २००, म्हणजे फी ६५०. १०० धरले तर ३००, म्हणजे फी ७५०. ‘स्वस्त ठेवू, मग १५० येतीलच’ असं म्हणून ६५० ठेवली आणि आले १००, तर जमा ६५,००० आणि खर्च ७५,०००. दहा हजारांचा खड्डा! तो खजिनदाराच्या खिशातून भरला जातो, आणि खजिनदारही शेवटी आपल्यासारखाच घरून पैसे मागवणारा असतो. उलट ७५० ठेवून १५० आले, तर १५,००० उरतात. स्ट्रक्चर्समध्ये आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो ना, तेच इथे करायचं. जास्तीत जास्त किती येतील यावर फी ठरवायची नाही, कमीत कमी किती नक्की येतील यावर ठरवायची.

हा धोका मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. विज्ञानकथेच्या चाहत्यांचं वर्ल्डकॉन हे संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं आणि ते स्वयंसेवकच चालवतात. १९८३ चं बाल्टिमोरचं वर्ल्डकॉन कर्जात गेलं, तर १९८४ चं ॲनाहाइमचं आठ हजारांहून जास्त लोक येऊन चांगल्या शिलकीत राहिलं. पुढे शिलकेतला वाटा येणाऱ्या संमेलनांना द्यायची प्रथा तिथे पडली. आणखी एक चांगली रीत म्हणजे राबणारे स्वयंसेवकही आधी आपली फी भरतात आणि शिल्लक राहिली तर ती त्यांना परत मिळते. आपल्याकडे कमिटीच्या वीस जणांना फुकट पास देऊन मग बजेट जुळवायला बसतात, त्यांनी हे वाचावं.

पण ७५० रुपये हॉस्टेलच्या मुलाला परवडणारे आहेत का? बऱ्याच जणांना नाही. म्हणून दुसरी पायरी : सगळ्यांना एकच फी ठेवायची नाही. प्रत्येक गटासाठी क्लबचा खरा खर्च किती होतो ते बघायचं. आपले हॉस्टेलवाले मेसचे पैसे आधीच भरून बसलेत आणि झोपायला त्यांना स्वतःची कॉट आहे. त्यांच्यावर माणशी खर्च फक्त चहा आणि नकाशा-बिल्ला, म्हणजे ५० रुपये. त्यांच्याकडून दोन्ही वेळच्या जेवणाचे पैसे पुन्हा का घ्यायचे?

१०० जणांची अशी विभागणी करू :
– बाहेरगावचे विद्यार्थी ४०, फी ७५०. खर्च वजा जाता हाती १२,०००.
– आपले हॉस्टेलवाले ४०, फी २७५. हाती ९,०००.
– माजी विद्यार्थी आणि नोकरदार २०, फी १,०००. हाती ११,०००.

एकूण ३२,०००. ठरलेला खर्च ३०,००० वजा केला की २,००० उरतात. बाहेरगावच्या एखाद्याला ७५० ऐवजी ४५० मध्ये घेतलं तर आपले ३०० कमी होतात. म्हणजे या दोन हजारांत सहा सवलतीच्या जागा आरामात बसतात. सवलत अशी बजेटमध्ये आधीच लिहायची. ऐनवेळी ‘बघू रे’ म्हणून दिलेली सवलत ओळखीच्या पोरांना मिळते, गरजवंताला नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे मदत मागताना ‘स्पॉन्सरशिप द्या’ असं मोघम म्हणू नका. “सवलतीच्या जागेवरचा एक विद्यार्थी ४५० रुपयांत पूर्ण फुकट येऊ शकतो, तुम्ही एकाचे द्याल का?” असं विचारा. रक्कम छोटी आणि हिशोब स्पष्ट असला की लोक देतात.

तिसरी गोष्ट तारखांची. लवकर नोंदणीला सवलत देणं बरोबर आहे, कारण केटररला ॲडव्हान्स द्यावा लागतो. पण शेवटची तारीख २५ ठेवली तर काय होतं? महिनाअखेरीला ज्याच्या खात्यात पैसे असतात त्याला सवलत मिळते आणि ज्याला नसतात तो पूर्ण फी भरतो. म्हणून ती तारीख १० नंतरची ठेवा. घरून पैसे आलेले असतात. किंवा १०० रुपये भरून जागा धरू द्या, बाकीचे दोन हप्त्यांत घ्या. सवलतीचा अर्ज एकाच माणसाकडे ठेवा. नावं नोटीस बोर्डावर नकोत, बिल्ला सगळ्यांना सारखाच. मागायला लाज वाटेल अशी सवलत कोणी मागत नाही.

शेवटी, संमेलनानंतर आठवड्याच्या आत जमाखर्च बोर्डावर लावा. त्यात प्रत्यक्ष किती जण आले, हा आकडा नक्की लिहा. पुढच्या वर्षीच्या कमिटीला फी ठरवताना अंदाजाने १५० म्हणावं लागणार नाही.