आईला तूच सांग

अगं, जायचं ठरलंय तुझं आणि आईचं मात्र एकच चाललंय, ‘अजून थोडे दिवस थांब.’ तुझ्या पोटात कालवतंय, दिसतंय मला. म्हणून तोरातली रिबका सांगते. घर सोडणं म्हटलं की सगळे अब्राहामाचं नाव घेतात. मला ही पोर जास्त जवळची वाटते.

अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन तिच्या गावी येतो. ती त्याला पाणी पाजते, मग कुणी न सांगता उंटांसाठीही घागर घेऊन पुन्हा पुन्हा विहिरीकडे धावते. अब्राहामाच्या मुलाशी, इसहाकाशी लग्न ठरतं. सकाळी आई नि भाऊ म्हणतात, निदान दहा दिवस तरी राहू दे. सेवक ऐकेना, तेव्हा पोरीलाच बोलावून विचारतात. ती म्हणते, जाते मी. बस. मग तेच घरचे आशीर्वाद देऊन पाठवणी करतात. तूही आईला स्वतः सांग, मला मध्ये घालू नकोस.

तिच्यासोबत तिची दाई जाते. निघताना त्या बाईचं नावही लिहिलेलं नाही. कळतं ते कितीतरी अध्यायांनी, ती वारते तेव्हा: दबोरा. बेथेलजवळ ओकच्या झाडाखाली तिला पुरतात आणि त्या झाडाला रडण्यावरून नाव पडतं. माहेरचं माणूस सोबत नेलं म्हणून रिबकेला कुणी कच्ची म्हणत नाही. तेव्हा रोज रात्री फोन कर, खुशाल रड.

एक मात्र लक्षात ठेव. अब्राम, म्हणजे हाच अब्राहाम, 75 व्या वर्षी हारान सोडून कनानात पोचतो, आणि थोड्याच ओळींत दुष्काळ! मिसरात जावं लागतं. तिथे जिवाच्या भीतीने तो बायकोला, सारायला, बहीण म्हणवतो आणि तिला फारोच्या घरी नेतात. हे मला अजून खुपतं. पण दुष्काळ पडला म्हणून हारान सोडणंच चुकलं, असं तिथे कुणी म्हणत नाही. तुझे पहिले महिने कोरडे गेले, तर लगेच स्वतःला दोष देऊ नकोस.

आणि नाहीच जमलं तर परत ये. सासू नामीबरोबर रूथ बेथलेहेमला गेली, तिचं पुस्तक शावुओतच्या सणाला वाचतात. दुसरी सून अर्पा सासूचा मुका घेऊन, रडून मवाबात माहेरी फिरली. त्या पुस्तकात तिला कुणी बोल लावत नाही. पुढच्या रब्बींनी लावला, तो मला पटत नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेव, खर्चात धरू नकोस.