रस्त्यातील शिस्त : वाटाड्या कुत्र्याची व मुलांची

(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

पोफळी हे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कराडहून चिपळूणकडे उतरणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे त्याचे नाव भूगोलाच्या तासाला मुलांच्या कानी पडते. अशा रस्त्यावरील एखाद्या नाक्याचे चित्र शिक्षकांनी प्रथम मुलांपुढे उभे करावे. घाट उतरून आलेली एस.टी. थांबते, मालमोटारी कर्णे वाजवीत जातात, टपरीवर भजी तळली जातात आणि बाकाखाली गावची दोन-तीन कुत्री पहुडलेली असतात. त्या गाडीतून एखादी अंध व्यक्ती उतरली व तिच्या हाताशी वाट दाखविणारा शिकविलेला कुत्रा असला, तर मुले काय करतील?

काही भिऊन पळतील, एखादा दगड उचलील. परंतु पुष्कळशी मुले 'यू यू' करून त्यास बोलावतील व खिशातील बिस्किटाचा तुकडा त्याच्यापुढे टाकतील. दगड मारणे वाईट, हे मुलांस समजावून सांगणे कठीण नाही. बिस्कीट टाकण्यातील दोष मात्र सहसा कोणी सांगत नाही, कारण तो दयेचे रूप घेऊन येतो. प्रस्तुत पाठ मुख्यतः त्या बिस्किटाविषयी आहे.

काम करणारा कुत्रा म्हटला की महाराष्ट्रातील मुलांस पोलिसांचा कुत्रा आठवतो. मुंबई पोलिसांच्या पथकातील 'झंजीर' या लॅब्रेडोर जातीच्या कुत्र्याने १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी कित्येक हजार किलो स्फोटके शोधून देण्यास साहाय्य केले. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो मरण पावला, तेव्हा त्यास इतमामाने निरोप देण्यात आला. त्याचा खरा गुण म्हणजे त्याचे नाक. परंतु गर्दीत कोणी हाक मारली की तिकडे वळण्याची सवय त्यास असती, तर त्या नाकाचा काहीच उपयोग झाला नसता. वाटाड्या कुत्र्याची गोष्ट याहून पुढची आहे. त्याची गर्दीतील वर्तणूक हेच त्याचे काम होय.

या शिक्षणाची पहिली शाळा १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ती होती. पुढे डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये कुत्री शिकवीत असत. त्यांनी १९२७ मध्ये या जर्मन कुत्र्यांविषयी एक लेख लिहिला. तो मॉरिस फ्रँक या अमेरिकेतील अंध तरुणास कोणी वाचून दाखविला. तो त्यांच्याकडे जाऊन शिकला व १९२८ साली 'बडी' नावाच्या कुत्रीसह न्यूयॉर्कला परतला. तेथील वाहनांनी गजबजलेला एक रुंद रस्ता त्याने वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमक्ष तिच्या आधाराने ओलांडला आणि युस्टिसबाईंना एकाच शब्दाची तार केली : 'यश'. पुढील वर्षी दोघांच्या प्रयत्नाने अमेरिकेत अशी शाळा सुरू झाली. ही हकीगत मुलांस अवश्य सांगावी. तार म्हणजे काय, हेही त्या निमित्ताने सांगावे लागेल.

आता शिकविण्याची रीत. सुमारे दोन महिन्यांचे पिल्लू एखाद्या कुटुंबात वाढावयास देतात. ते कुटुंब त्यास बाजारात, बसमध्ये व स्थानकावर नेते. अचानक उघडलेली छत्री, पडलेले भांडे, कर्ण्याचा आवाज, ढोलताशा यांची ओळख पिल्लाला लहानपणीच व्हावी, हा त्यातील हेतू. कोकणातल्या पावसाळ्यात छत्रीची ओळख निराळी करून द्यावी लागणार नाही! साधारण वर्ष-सव्वा वर्षानंतर पिल्लू शिक्षकाच्या हाती येते व काही महिने त्याचे खरे शिक्षण चालते. या सर्वांत मारझोडीला स्थान नाही. भ्यालेला कुत्रा आज्ञा पाळील, पण वाट दाखवू शकणार नाही.

अन्नाचा मोह कसा सोडवितात, हे सविस्तर सांगण्याजोगे आहे. शिक्षक मुठीत खाऊ धरून मूठ कुत्र्यापुढे करतो. कुत्रा ती हुंगतो, चाटतो, पंजाने उकरतो. शिक्षक काही बोलत नाही व मूठ उघडत नाही. थोड्या वेळाने कुत्रा कंटाळून तोंड फिरवितो. त्याच क्षणी शिक्षक त्यास शाबासकी देतो व दुसऱ्या हातातील खाऊ देतो; मुठीतला कधीच देत नाही. नंतर तो तुकडा जमिनीवर पायाखाली ठेवितात, पुढे उघड्यावर ठेवितात आणि शेवटी कुत्र्यास बाजारातून, पडलेल्या तुकड्यांमधून चालवितात. जे भुईवर पडले ते आपले नव्हे, आपले ते मालकाच्या हातून येते, एवढे त्याच्या मनात शेकडो वेळा ठसवावे लागते. एका पोराने प्रेमाने टाकलेले बिस्कीट त्याने एकदा उचलले, की ती मेहनत सैल पडू लागते. ज्या क्षणी त्याची मान बिस्किटाकडे वळते, त्या क्षणी त्याच्या मागून येणाऱ्या माणसापुढे उघडे गटार असू शकते.

उपाहारगृहात मेजाखाली गप्प पडून राहणे, माणसांना न हुंगणे, दुसरा कुत्रा भुंकला तरी न भुंकणे, बाहेर पडण्यापूर्वी ठरल्या जागी देहधर्म उरकणे, या गोष्टी याच रीतीने शिकवितात : प्रथम शांत जागी, थोडा वेळ, मग हळूहळू गलबल्यात, अधिक वेळ. सगळीच पिल्ले या परीक्षेत उतरत नाहीत. एखाद्याची मांजरामागे धावण्याची हौस काही केल्या जात नाही. त्यास दुसऱ्या कामाला किंवा एखाद्या घरी पाठवितात. यात त्याचा कमीपणा नाही.

एक गैरसमज शिक्षकांनी दूर करावा. कुत्र्याला पत्ता ठाऊक नसतो आणि रहदारीचे दिवेही त्यास समजत नाहीत. कोठे जायचे, केव्हा ओलांडायचे हे माणूस कानाने ऐकून ठरवितो. कुत्रा खड्डा, पायरी, खांब चुकवितो. डोक्याला लागेल अशी फांदीही त्यास ध्यानात घ्यावी लागते, जरी तो स्वतः तिच्याखालून सहज जाऊ शकत असला तरी. माणसाने 'चल' म्हटले आणि समोरून मोटार येत असली, तर त्याने आज्ञा मोडून जागीच उभे राहावे, असेही त्यास शिकविलेले असते. आज्ञापालनाच्या शिक्षणात आज्ञाभंगाचा हा धडा सर्वांत अवघड समजला जातो.

आपल्याकडे असे कुत्रे फारच विरळ आहेत. खर्च हे एक कारण खरे. परंतु फुटलेल्या व अडविलेल्या पदपथांचे आणि अंगावर धावणाऱ्या मोकाट कुत्र्यांचे कारण त्याहून लहान नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, हे त्यात आले आहे. जागा बांधकाम खात्याने सुधारावी. त्या जागेतील वागणूक मात्र शाळेतच सुधारू शकते. आणि ती केवळ कुत्र्यापुरती नाही. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसास न विचारता दंडाला धरून ओढणे, हेही त्या बिस्किटासारखेच होय. १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस. हा पाठ त्या आठवड्यात घेणे सोयीचे पडेल.

मुलांनी वाटाड्या कुत्रा ओळखावा तो त्याच्या पाठीवरून वर आलेल्या ताठ मुठीच्या साजावरून. साज अंगावर असेतो त्यास हाक मारू नये, हात लावू नये, खाऊ देऊ नये. बोलायचे असल्यास माणसाशी बोलावे. साज उतरला की तोही इतर कुत्र्यांसारखा खेळतो, हे ऐकून मुलांना बरे वाटेल. मोकाट कुत्र्याचा नियम वेगळा : त्याच्याजवळ जाऊ नये, त्यास पाहून पळू नये. चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तिखट-चुना लावू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

शेवटी शाळेच्या पडवीत एक खेळ घ्यावा. पायऱ्यांकडील बाजूस शिक्षकांनी स्वतः उभे राहावे. एका मुलाचे डोळे रुमालाने बांधावे. दुसऱ्याने वाटाड्या व्हावे. दोघांनी एक आखूड काठी दोन टोकांनी धरावी. वाटेत दप्तरे, पाट, बादली ठेवावी. पहिल्या फेरीत दोन्ही बाजूंच्या मुलांनी वाटाड्यास नावाने हाका माराव्यात, चिंच-आवळा दाखवावा. दुसऱ्या फेरीत सर्वांनी गप्प उभे राहून वाट द्यावी. नंतर जोड्या बदलाव्यात; हाका मारण्यात ज्याचा आवाज सर्वांत मोठा होता, त्याचे डोळे पुढच्या खेपेस बांधावे. दोन फेऱ्यांत काय फरक वाटला, हे डोळे बांधलेल्या मुलांनाच विचारावे आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी.