मोटारीचा ब्रेक मऊ का पडतो?

जगदलपूरहून रायपूरकडे येणारी मोटार केशकालचा घाट उतरून मैदानात येते. वळणावळणावर चालकाचा पाय ब्रेकवर पडत असतो. एरवी घट्ट लागणारे पेडल अशा वेळी पायाखाली मऊ लागू लागले, तर त्याचा अर्थ काय?

द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कालचा (१६२३–१६६२) नियम होय. पेडल दाबले की मुख्य सिलिंडरातील दट्ट्या द्रवास रेटतो आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीस असे ब्रेक बसविण्यात आले.

एक साधा प्रयोग करावा. सुई काढलेली पिचकारी पाण्याने पूर्ण भरून तिचे तोंड बोटाने घट्ट मिटावे. दट्ट्या हलत नाही. आत हवेचा बुडबुडा असेल, तर मात्र तो दबतो. पेडल मऊ लागण्याचे मुख्य कारण हेच.

दोष ओळखण्यासाठी मोटार सपाट जागी उभी करावी.

१. लागोपाठ दाबल्यावर पेडल घट्ट होत असेल, तर नळीत हवा शिरली असावी, अथवा ड्रम व शू यांतील अंतर वाढले असावे.

२. पाय स्थिर असूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर द्रव गळत आहे किंवा मुख्य सिलिंडराचे रबर झिजले आहे.

३. पेडल केवळ घाटात मऊ पडत असेल, तर द्रव जुना झाला असावा. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. ‘डॉट ३’ प्रतीचा नवा द्रव २०५ अंश सेल्सियसच्या आत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकमुळे त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच दबते.

गळती असल्यास ती आधी बंद करावी. मग एकाने पेडल दाबून धरावे व दुसऱ्याने चाकामागील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे बाहेर पडताच स्क्रू आवळावा. त्यानंतरच पाय उचलावा. टाकीतील द्रव संपू देऊ नये. काढलेला द्रव पुन्हा वापरू नये. त्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणत असले तरी त्याजागी साधे तेल कधीही घालू नये. तेलाने आतील रबर फुगते.

घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, म्हणजे एंजिनही वेग आवरते. ब्रेक निवाल्यावर पेडल पुन्हा घट्ट होते व दोष गेला असे वाटते. परंतु द्रव बदलल्यावाचून पुढील घाट उतरू नये.