रक्तार्बुदातील जंतुसंसर्ग आणि रुग्णाचे सहज बल

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण उपचारार्थ नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात जातात. तथापि तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची चिकित्सा दोन ते तीन वर्षे चालते. तिचा मोठा काळ रुग्ण घरीच असतो व मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज, तर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतो. या काळात सेनगाव वा कळमनुरीकडील बालकास ताप आला, की पालक प्रथम जवळच्या वैद्याकडे येतात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहज, कालज व युक्तिकृत असे त्रिविध बल वर्णिले आहे. व्याधी एक, औषध एक. तरीही एका रुग्णास वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि दुसऱ्यास होत नाही. या भेदाची काही कारणे आधुनिक जनुकशास्त्राने दाखविली आहेत. दोन्ही शास्त्रांच्या संकल्पना एकच आहेत असा आमचा दावा नाही. सहज बलाचा विचार येथे समजण्यास साहाय्यक ठरतो, इतकेच.

जनुकीय कारणे

१) औषधाचे पचन : मर्कॅप्टोप्युरिन निष्प्रभ करण्याच्या कार्यात टीपीएमटी व एनयूडीटी-१५ या जनुकांचा वाटा असतो. त्यांत दोष असल्यास नेहमीची मात्राही विषवत् ठरते, न्यूट्रोफिल पेशी अतिशय घटतात आणि संसर्गास वाट मिळते. भारतीयांत एनयूडीटी-१५ चा दोष टीपीएमटीच्या दोषाहून अधिक आढळतो. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास मात्रा मूळच्या अल्प अंशावर आणावी लागते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची प्रथा आहे. नात्यातील विवाहात दोन्ही प्रती सदोष मिळण्याचा संभव वाढतो, हेही ध्यानी घ्यावे.

२) जंतूंची ओळख : मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन जंतूंच्या पृष्ठभागावरील शर्करेस चिकटते व भक्षकपेशींचे कार्य सुलभ करते. ते जन्मतः कमी असणाऱ्या रुग्णांत रसायनोपचारानंतर संसर्ग अधिक होतात, असे २००१ साली दिसून आले. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

३) बुरशीचा प्रतिकार : पेंट्रॅक्सिन-३ च्या जनुकातील विशिष्ट भेद मूळपेशी देणाऱ्या दात्यात असल्यास, त्या स्वीकारणाऱ्या रुग्णास अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो, हे २०१४ साली दाखविले गेले. प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या भक्षकपेशी दात्याच्या असतात, हे त्याचे कारण होय.

आपले कर्तव्य

सहज बल आपण पालटू शकत नाही. आपल्या हाती युक्ती आहे. अशा रुग्णास १००.४ अंश फॅरेनहाइट वा अधिक ताप असल्यास ती आत्ययिक अवस्था समजावी. काढा देऊन वाट पाहू नये, लंघन करवू नये, ताप उतरविणारी गोळी देऊन लक्षण झाकू नये. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैविक सुरू होणे अपेक्षित असते. आपण दवडलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेततो. पू नाही, सूज नाही म्हणून संसर्ग नाही, असेही मानू नये. पू होण्यास लागणाऱ्या पेशीच तेथे नसतात.

कच्ची चूर्णे व ताजे स्वरस यांत बुरशीचे बीजाणू असू शकतात. ती या रुग्णांस देऊ नयेत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झाल्याची काही उदाहरणे मुंबईतील चिकित्सकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर मतभेद झाले. तथापि मर्कॅप्टोप्युरिन व मेथोट्रेक्सेट दोन्ही यकृतावर भार टाकतात, तेव्हा कर्करोगतज्ज्ञास विचारल्याविना रसायनद्रव्ये देऊ नयेत.

औषधविक्रेते बंधूंनी विशेष लक्षात ठेवावे, की युरिक आम्लासाठीची अ‍ॅलोप्युरिनॉल गोळी मर्कॅप्टोप्युरिनचे विघटन रोखते व जनुक निर्दोष असतानाही तोच अनर्थ घडविते. मेथोट्रेक्सेट आठवड्याचे आहे, रोजचे नव्हे, हे प्रत्येक वेळी पालकांस सांगावे.

रुग्णाची पूर्वीची कागदपत्रे पाहणे, न्यूट्रोफिलची संख्या विचारणे आणि वेळीच पुढे पाठविणे हीदेखील चिकित्साच होय. परीक्षा आधी, औषध नंतर, हा आपल्या शास्त्राचा क्रम येथे तर प्राणरक्षक आहे.