उपद्रवी पक्ष्यांचा बंदोबस्त आणि पाळीव प्राण्यांची सुरक्षितता

गोमंतकातील खेड्यात घर म्हटले की अंगणात चार कोंबड्या, पडवीत निजलेला कुत्रा आणि चुलीपाशी घोटाळणारे मांजर हे आलेच. याच घराच्या वाशांवर पारवे घरटी करतात, वळचणीच्या भोकांतून साळुंक्या शिरतात आणि अंगणात वाळत घातलेले भात, भिरंडाची सोले किंवा सुकी मासळी यांवर कावळे झडप घालतात. हा त्रास खरा आहे व त्याची तक्रार करणाऱ्यास कोणी दोष देणार नाही. परंतु त्रासाला कंटाळून एखादा गृहस्थ जेव्हा उंदराचे औषध किंवा शेतातील कीटकनाशक भातात कालवून कौलांवर ठेवतो, तेव्हा पारव्यांइतकेच त्याचे स्वतःचे मांजर आणि शेजाऱ्याच्या कोंबड्याही धोक्यात येतात. विषाचा वापर न करता पक्ष्यांचा उपद्रव कसा आवरता येतो, याविषयीची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

विष पक्ष्यापाशी थांबत नाही

विषारी दाणे खाल्लेला पारवा जागच्या जागी मरतोच असे नाही. तो उडून जातो, दोन घरे पलीकडच्या परसात कोसळतो व तेथे फडफडत राहतो. मांजराच्या दृष्टीने ती आयती मिळालेली शिकार होय. पक्ष्याच्या गळ्याशी असलेल्या अन्नाच्या पिशवीत न पचलेले विषारी दाणे तसेच असतात. मांजर किंवा कुत्रा तो पक्षी खातो आणि त्यासोबत ते विषही त्याच्या पोटात जाते. कौलांवरून घरंगळून अंगणात पडलेले दाणे कोंबड्या टिपतात. अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांचा हातही त्या दाण्यांपर्यंत पोहोचू शकतो.

घरोघरी आढळणाऱ्या विषांचे परिणाम निरनिराळे असतात. झिंक फॉस्फाइड ही उंदरांसाठी वापरली जाणारी काळसर भुकटी पोटातील आम्लाशी मिसळली म्हणजे तिच्यापासून फॉस्फीन हा प्राणघातक वायू तयार होतो. पिकांवर फवारावयाची कित्येक कीटकनाशके मज्जासंस्थेवर आघात करतात. जनावराच्या तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात व झटके येतात. हे सारे काही मिनिटांपासून काही तासांच्या आत घडते. ब्रोमॅडिओलोन वर्गातील उंदीरनाशके मात्र रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. त्यांची लक्षणे बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतात. तोपर्यंत कौलांवर ठेवलेल्या दाण्यांची घरच्यांना आठवणही राहिलेली नसते आणि कुत्रा कशाने आजारी पडला हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पक्षी घराकडे का येतात?

अन्न, पाणी आणि आडोसा या तीन गोष्टींसाठी पक्षी मनुष्यवस्तीत येतात. यांपैकी अन्न बहुतेक वेळा आपणच पुरवीत असतो. कुत्र्याच्या थाळीत दिवसभर पडून राहिलेला भात हे कावळ्यांना व साळुंक्यांना दिलेले आमंत्रणच होय. यास्तव पाळीव प्राण्यांस ठरलेल्या वेळी खाऊ घालावे व अर्ध्या तासाने थाळी उचलून धुऊन ठेवावी. कोंबड्यांना सकाळ-संध्याकाळ संपेल एवढेच खाद्य टाकावे आणि त्यांचे पाणी छपराखाली ठेवावे, म्हणजे त्यात रानपक्ष्यांची विष्ठा पडणार नाही. मासळी साफ केल्यावर उरलेली आतडी व खवले परसात न फेकता खड्ड्यात पुरावीत. खड्ड्यावर मातीचा जाड थर व एखादा दगड ठेवावा, अन्यथा कुत्रा तो उकरतो.

वाळवणासाठी लाकडी चौकट करून तिच्यावर जाळे ठोकावे. मासेमारीचे जुने जाळे या कामी उपयोगी पडते. मात्र ते चौकटीवर घट्ट ताणलेले असावे. सैल सोडलेल्या जाळ्यात मांजराचे पाय व पक्ष्यांचे पंख अडकतात आणि सुटकेच्या धडपडीत त्यांना गंभीर इजा होते.

पारवे

पारव्यांची मादी एका खेपेस साधारणतः दोन अंडी घालते. सुमारे अठरा दिवसांनी पिले बाहेर येतात व चार ते पाच आठवड्यांत उडू लागतात. पारव्यांची वीण वर्षभर चालू राहते. त्यामुळे एका जोडप्याकडे दुर्लक्ष केल्यास थोड्याच काळात माळा पारव्यांनी भरतो.

कौले व भिंत यांमधील फटी आणि माळ्याचे झरोके तारेच्या जाळीने बंद करणे हा खात्रीचा उपाय होय. जाळीची भोके पारव्यांसाठी दोन इंचांपेक्षा, साळुंक्यांसाठी एक इंचापेक्षा व चिमण्यांसाठी पाऊण इंचापेक्षा मोठी नसावीत. सज्जावर किंवा खिडकीच्या वरच्या पट्टीवर पारवे बसत असल्यास तेथे ४५ अंशांहून अधिक उताराची फळी अथवा पत्रा बसवावा. उतारावर पाय ठरत नसल्याने पारवे ती जागा सोडतात. शहरातील गच्चीला ताणून बसविलेली जाळी पारव्यांना अडविते, तसेच मांजराला खाली पडण्यापासूनही वाचविते.

जाळी बसविण्यापूर्वी आत पिले नाहीत याची खात्री करून घ्यावी. पिले असल्यास ती उडून जाईपर्यंत थांबावे. आत कोंडलेली पिले उपासाने मरतात, कुजतात व घरभर दुर्गंधी पसरते. माळ्यावर पारव्यांऐवजी घुबडाचा वास असल्याचे आढळल्यास त्याला हुसकावू नये. गव्हाणी घुबड उंदरांवर जगते व शेतकऱ्याचे कामच करते.

कावळे, घारी व शिक्रे

पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत कावळ्यांची घरटी झाडांवर दिसू लागतात. या काळात घरट्याजवळून जाणाऱ्या माणसांवर व कुत्र्यांवर कावळे झेपावतात. पिले उडून गेली की हा त्रास आपोआप थांबतो. तोवर ती वाट टाळावी किंवा छत्री घेऊन जावे आणि कुत्र्यास झाडाखाली बांधू नये.

घार व शिक्रा कोंबडीची पिले उचलून नेतात. पहिले दोन महिने पिले डालग्याखाली किंवा वरून जाळीने झाकलेल्या वाड्यात ठेवावीत. एक-दोन पिले गेली म्हणून शिकारी पक्ष्यास विष घालणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्या आमिषाने घरचा कुत्राच प्रथम मरण्याचा संभव असतो.

टाळावयाचे उपाय

डांबराच्या गोळ्या सज्जावर ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. पारव्यांवर त्यांचा परिणाम अल्प होतो. कुत्र्याने वा मांजराने गोळी गिळल्यास मात्र त्यास विषबाधा होते. चिकट लेप व चिकट फळ्या यांत पक्षी, पाली व मांजराची पिलेही अडकतात. फटाक्यांच्या आवाजाला पक्षी लवकरच सरावतात, परंतु कुत्रे भेदरून घर सोडून पळतात. चकाकणाऱ्या पट्ट्या टांगावयाच्या असल्यास त्या उंचावर पक्क्या बांधाव्यात व दर दोन-तीन दिवसांनी त्यांची जागा बदलावी. खाली लोंबणारी दोरी मांजराने गिळल्यास ती आतड्यात अडकते.

विषबाधा झाल्यास

पाळीव प्राण्याने विष किंवा विष खाल्लेला पक्षी खाल्ल्याचा संशय येताच वेळ न दवडता त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. औषधाचे वेष्टन किंवा बाटली सोबत न्यावी. विष कोणते हे कळल्यास योग्य उतारा लगेच देता येतो. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व ‘के-१’ व ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांवर ॲट्रोपीन वापरतात, परंतु त्यांची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावयाची असते. मिठाचे पाणी, तेल किंवा दूध बळेच पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राणी गुदमरू शकतो. झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या प्राण्याला वांती झाल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात व माणसांनी दूर राहावे, कारण वांतीतूनही विषारी वायू बाहेर पडतो. प्राणी टवटवीत दिसतो म्हणून चालढकल करू नये.

विष्ठा आणि मृत पक्षी

पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे फुफ्फुसांत गेल्यास काही बुरशीजन्य विकार होतात. दमेकऱ्यांना या धुळीपासून विशेष जपावे लागते. विष्ठा कोरडी झाडू नये. तीवर पाणी शिंपडून ती ओली करावी, नाकावर फडके बांधावे व मग खरवडावी. काम संपेपर्यंत कुत्र्यामांजरांस दुसरीकडे ठेवावे. मांजर असलेल्या घरात फिनेलचा वापर टाळावा. त्यातील द्रव्य मांजराच्या पंजांना लागते, ते पंजे चाटते व त्यास विषबाधा होते.

मेलेला पक्षी उघड्या हातांनी उचलू नये व कुत्र्यामांजरांस त्याजवळ जाऊ देऊ नये. डिसेंबर २०२० मध्ये इंदूर येथे मृत कावळ्यांत बर्ड फ्ल्यूचे विषाणू सापडले होते. २०२५ च्या आरंभी मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांनाही या रोगाचा संसर्ग झाल्याचे उघडकीस आले. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले आढळल्यास ते परस्पर न पुरता पशुसंवर्धन खात्यास कळवावे. कोंबड्यांना राणीखेत रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी.

कायदा आणि गावाचे सहकार्य

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये कोणत्याही प्राण्यास हेतुपुरस्सर व अकारण अपायकारक द्रव्य देणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी उपद्रवी प्राण्यांचे एक परिशिष्ट होते व कावळ्याची गणना त्यात होत असे. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकण्यात आले व ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. यास्तव पक्ष्यांस किंवा घरट्यांस हात लावण्यापूर्वी वन खात्याचा सल्ला घ्यावा.

एका घराने जाळी लावली आणि शेजारच्या घराने दाणे टाकणे चालू ठेवले, तर पारवे केवळ छप्पर बदलतात. बाजारात व देवळापुढील चौकात टाकले जाणारे धान्य आणि मासळी बाजारातील केरकचरा यांची व्यवस्था पंचायतींनी लावावी. शिक्षकांनी मुलांकडून आपापल्या घराभोवतालच्या फटी, उघडे अन्न व साचलेला कचरा यांची नोंद करवून घ्यावी. त्या नोंदीवरून घरच्या मंडळींना प्रथम काय करावयाचे ते समजेल. कौलांखालची फट बुजविण्यास एक दिवस पुरतो. कौलांवर ठेवलेले विष मात्र कोणाच्या दारात जाऊन पोहोचेल, हे ते ठेवणाऱ्याच्या हाती राहत नाही.