बालसंस्कार पाठ : "भेव लागते" म्हणणारं मूल भित्रं नसतं



लांजीच्या आपल्या बालसंस्कार वर्गातला अनुभव आज सांगते. चूक माझीच आहे.

पावसाळ्यात सामुदायिक प्रार्थना सुरू असताना लाईट गेली. सात वर्षांच्या एका मुलाने माझा पदर घट्ट धरला. "मावशी, मले भेव लागते." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "महाराजांची मुलं भीत नाहीत!" मुलं हसली, तो गप्प झाला. मला वाटलं, शिकला.

पुढच्या आठवड्यात त्याची आई भेटली. रात्री झोपेत त्याच्या पायाला काहीतरी चावलं, पण पोरगा सकाळपर्यंत बोललाच नाही. का? तर "भेव सांगितलं का सगळे हासतात." डॉक्टरांनी तपासलं, सुदैवाने काही निघालं नाही. पण माझ्या काळजाचं पाणी झालं. मण्यार बहुतेकदा रात्री चावते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. अशा वेळी मूल सकाळपर्यंत गप्प राहिलं तर?

गीतेच्या 16व्या अध्यायात दैवी गुणांत पहिला मान अभयाला आहे. पण अभय म्हणजे भीती लपवणे नव्हे. वंदनीय महाराज तरुणपणी रामटेक, सालबर्डीच्या जंगलात राहिले, 1942 मध्ये तुरुंगात गेले. ते धैर्य साधनेतून आलं. कुणी हसल्याने धैर्य येत नाही.

घरी एवढं करून पाहा :

1. बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शन यांचा धाक दाखवून जेवू घालू नका. दिवसा आपण पेरलेली भीतीच रात्री उगवते.

2. मूल भ्यालं की "त्यात काय भ्यायचं?" म्हणू नका. "कशाचं भेव लागते?" विचारा आणि पूर्ण ऐका.

3. अंधाराची सवय हळूहळू लावा. आज हात धरून अंगणापर्यंत, काही दिवसांनी तुम्ही दारात उभ्या, मग ते एकटं. हातात टॉर्च हवीच. टॉर्च घेणं हा भित्रेपणा नाही, शहाणपण आहे.

4. झोपताना पाच वेळा सावकाश श्वास, मग नामस्मरण.

5. काही चावलं, कुणी धमकावलं, कुणी नको तसा हात लावला, तर "लगेच सांग, मी रागावणार नाही" हे वारंवार सांगा. आणि खरंच रागावू नका. सापाची शंका आली तर झाडफूक नको, थेट दवाखाना.

नंतरच्या रविवारी मी सर्वांसमोर त्या मुलाची माफी मागितली. म्हटलं, "मले पालीचं भेव लागते." मुलं खूप हसली, तोही हसला. मग एकेक जण आपापलं भेव सांगू लागला. त्या दिवशीचा पाठ मुलांनीच घेतला.

जय गुरु!