सही करण्याआधी

मिशिगनमधल्या लहान गावात हायस्कूलसाठी पर्याय दोनच: डिस्ट्रिक्टची शाळा, नाहीतर परवान्यावर स्वतंत्रपणे चालणारी चार्टर शाळा. चार्टरला फी नाही, प्रवेश लॉटरीने, आणि आमच्या चार्टरच्या दारावरच फलक: ‘१०० टक्के मुलांना कॉलेज प्रवेश’. मोटार कंपन्यांतली आम्ही देशी मंडळी अशा फलकाला भुलतोच. नंबर लागला तेव्हा मित्रांनी पेढे मागितले.

मुलाला एडीएचडी आहे. डॉक्टरांचं पत्र प्रवेशाच्या वेळीच दिलं होतं. परीक्षेत जादा वेळ आणि पुढचा बाक, एवढंच मागणं. अपंगत्वावरून भेदभावाला मनाई करणारं केंद्रीय कायद्याचं ‘कलम ५०४’ चार्टरलाही लागू आहे, कारण तीही सरकारी पैशावरच चालते. उत्तर मात्र दर वेळी तेच, ‘आधी रुळू दे त्याला.’

नोव्हेंबरात बोलावणं आलं. कौन्सेलरबाई इतक्या गोड बोलत होत्या की वाटलं, सवलती मिळाल्या. ‘आमची शाळा सगळ्यांनाच मानवते असं नाही,’ म्हणत त्यांनी कागद पुढे सरकवला. शाळा सोडण्याचा अर्ज! नाव, इयत्ता, तारीख आधीच भरलेली. कारणाच्या रकान्यात छापून ठेवलेलं: ‘पालकांची इच्छा’. आमची इच्छा आमच्याआधी त्यांच्या प्रिंटरला कळली होती. तेवढ्यात प्रिन्सिपॉल डोकावले आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छाही देऊन गेले.

अनुदानासाठी पटाची मुख्य मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी होते, तिला ९० टक्के वजन. आम्हाला बोलावलं नोव्हेंबरात. समजणाऱ्याने समजावं. शिवाय दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल चार वर्षांत उत्तीर्ण होणाऱ्यांच्या हिशोबातूनच वगळलं जातं. घ्यायचं लॉटरीने, काढायचं चाळणीने, की फलक स्वच्छ!

म्हणून सांगतो. राज्याच्या ‘एमआय स्कूल डेटा’ संकेतस्थळावर नववीचा पट बघा, मग तीन वर्षांनंतरचा बारावीचा. मोठी गळती दिसली तर तोंडावर विचारा, मुलं गेली कुठे? ‘१०० टक्के प्रवेशा’ला किंमत देऊ नका, कम्युनिटी कॉलेज हायस्कूल झालेल्या कुणालाही घेतं.

सवलतींची मागणी तोंडी करू नका, ईमेल करा. स्पेशल एज्युकेशनच्या तपासणीची लेखी मागणी केली तर मिशिगनमध्ये १० शालेय दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. गोड बोलण्याला तशी मुदत नसते. तक्रार चार्टरला परवाना देणाऱ्या संस्थेकडे करा, बऱ्याचदा ते एखादं विद्यापीठ असतं. भेदभावाची तक्रार केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत जायला हवी.

आम्ही त्या बैठकीत सही केली नाही. सेमिस्टर संपल्यावर मुलाला डिस्ट्रिक्टच्या शाळेत हलवलं. तिथे जादा वेळ कुरकुर न करता मिळाला. चार्टर सोडताना अर्जातलं छापील कारण खोडून मी हाताने लिहिलं: ‘५०४च्या सवलती दिल्या नाहीत.’ बाईंचा चेहरा पडला. प्रत द्यायला खळखळ केली, पण घेतल्याशिवाय मी उठलो नाही. तुम्हीही उठू नका.